आईला मावशी बघायची होती

"जाताजाता" या शब्दाचा मला मनापासून राग आहे. आमच्या घरातले सगळे चांगले बेत या एका शब्दाने बुडवले आहेत. मुंबईला निघालोय ना, मग जाताजाता पुण्यात आत्याला भेटू. जाताजाता वाटेवरच्या देवाच्या पाया पडू. जाताजाता कऱ्हाडात थांबून नात्यातला एक मुलगा बघून घेऊ, स्थळ चांगलं आहे म्हणतात. असं करत करत ज्या कामासाठी घराबाहेर पडलो तेवढंच काम उरतं, आणि सगळे दमलेले असतात. मग कुणीतरी म्हणतं, राहू दे आता, पुढच्या खेपेला बघू. आईच्या बाबतीत पुढची खेप नव्हती. हे मी दोन वर्षं घसा फोडून सांगत होते.

आईला मुंबईतल्या एका मोठ्या म्युझियममधलं चित्र बघायचं होतं. ते तिच्या मोठ्या बहिणीचं, म्हणजे माझ्या मावशीचं चित्र आहे. मी मावशीला कधी पाहिलं नाही. ती लग्न होऊन हातकणंगल्याला गेली आणि पहिल्याच बाळंतपणात वारली. तिचा एकच फोटो होता, लग्नातला, तो सासरच्या भिंतीवर असायचा. वर्षाच्या आत दुसरी बायको आली आणि फोटो उतरला. आजोबांनी तो मागून आणायला हवा होता. त्यांनी मागितला नाही, कारण पावण्यांकडं असलं कसं मागायचं, बरं दिसत नाही. मुलगी देताना संकोच वाटला नाही, तिचा फोटो मागताना वाटला. माझ्या जन्माच्या आधीची ही गोष्ट आहे, पण आजोबा समोर असते तर मी त्यांनाही सोडलं नसतं.

आईचं माहेर आणि सासर दोन्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, मध्ये फक्त दोन गल्ल्या. तिच्या माहेरासमोर एक चित्रकार राहत. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी पेठेतल्या माणसांना खुर्चीवर बसवून रंगवायचे. तालमीतले पैलवान बसले, भाजीवाली बसली, एकदा मावशीला बसवलं. लग्न ठरायच्या आधीची गोष्ट. वयात आलेल्या मुलीला परक्याच्या घरी एकटी कशी पाठवायची म्हणून सोबतीला आईला पाठवलं, ती तेव्हा परकरात होती. ती कोपऱ्यात बसून चुरमुरे खायची आणि मास्तर तिलाही हलू नको म्हणायचे, चित्रात ती नसतानाही. एवढं सांगून आई हसायची. चित्र पुढं कुठं गेलं हे तिला ठाऊक नव्हतं आणि तिनं कधी कुणाला विचारलंही नव्हतं.

मग एके दिवशी पेपरात फोटो आला. मुंबईच्या म्युझियममध्ये कोल्हापूरकडच्या चित्रकारांसाठी वेगळं दालन उघडलं होतं, कुणी मोठे पाहुणे समई लावत होते आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर एक चित्र होतं. मी कळंब्याला राहते, शाळेत शिकवते, आणि शाळा सुटली की रोज पेठेत आईकडे जाते. त्या दिवशी गेले तर आई भिंग घेऊन पेपरावर वाकली होती. मला म्हणाली, ही अक्का हाय. मी म्हटलं, कशावरून. ती म्हणाली, लुगडं बघ, आणि पदर डाव्या हातात कसा धरलाय बघ, तसा कोण धरतंय. मी भिंग घेतलं. चेहरा दिसत नव्हता. पाहुण्यांना कोल्हापुरी फेटा बांधला होता आणि फेट्याचा तुरा बरोबर मावशीच्या तोंडावर आला होता. इतका राग मला छापील कागदाचा कधी आला नव्हता.

मी म्युझियमला फोन केला. बोलणारी मुलगी सभ्य होती. तिनं शोधून सांगितलं की त्याच चित्रकाराचं चित्र आहे, नाव "बसलेली मुलगी", पहिल्या मजल्यावर लावलं आहे. फोटो पाठवता येत नाही, तसा नियम आहे, येऊन बघा. कायम लावलेलं असेल याची खात्री देता येत नाही, चित्रं बदलतात. आणि सोमवारी म्युझियम बंद असतं. हे सगळं मी त्याच संध्याकाळी पेठेत जाऊन सगळ्यांना सांगितलं, सोमवारचंसुद्धा. जेवताना सांगितलं, म्हणजे ऐकायला सगळे होते.

आता कुणी विचारेल की मग तुझी तू आईला घेऊन का गेली नाहीस. गेले होते, म्हणजे निघाले होते. रेल्वेची तिकिटं काढली, आईची बॅग भरली. दादा, माझा थोरला भाऊ, दुकानातून जेवायला आला आणि त्यानं बॅग बघितली. जेवण उरकलं, हात धुतला. मग म्हणाला की दोन पोरगे घरात असताना म्हातारीला पोरगी घेऊन गेली, असं पेठेत म्हणतील लोक. आणि आईलाही ते पटलं. तिचं म्हणणं निराळं होतं. अक्काला सगळ्यांनी बघाय पायजे, म्हणाली, सुनांनी, नातवंडांनी, ती ह्या घरची न्हाय का. त्या घरात मावशीची एक खूण नव्हती, तेव्हा सगळं घर तिच्यापुढं नेऊन उभं करावं असं आईला वाटलं. यात चूक काही नव्हतं. पण सगळं घर न्यायचं म्हणजे गाडी करायची, गाडी करायची म्हणजे सगळ्यांना सवड हवी, आणि आमच्या घराला एकत्र सवड कधीच नसते. दादाचं आणि धाकट्या भावाचं भांड्यांचं दुकान आहे. पेठेची सुट्टी सोमवारी, माझी रविवारी. बॅग परत माळ्यावर गेली.

त्यानंतर दोन वर्षं गेली. माघात जोतिबाचे खेटे होते, दर रविवारी चालत डोंगरावर दर्शनाला जायचं, ते रविवार गेले. मग फुटबॉल. आमच्या पेठेत फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्याला समजावून सांगता येत नाही, पेठेच्या टीमची मॅच असली की दुकानात गिऱ्हाईक उभं असताना शटर ओढतात. फायनल झाल्यावर जाऊ म्हणाले. फायनल हरलो, मग आठवडाभर घरात कुणाशी बोलायची सोय नव्हती. मग लग्नसराई, भांड्यांच्या दुकानाचा तोच हंगाम. मग पंचगंगेचं पाणी वाढलं. मग नवरात्र. प्रत्येक कारण खरं होतं, म्हणूनच मला कुणाला धरून भांडता येत नव्हतं. आणि दादा तर वाईट माणूसही नाही. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

दरम्यान आईचे डोळे चालले होते. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं की नजरेच्या मधोमध डाग पडत जातो. बाजूचं दिसत राहील, ती घरात चालेल फिरेल, धडपडणार नाही. समोरचं जाईल, वाचायचं जाईल, माणसाचं तोंड जाईल. एका डोळ्याचं गेलंच आहे, दुसऱ्याचं धरून ठेवायला इंजेक्शनं देऊ, पण गेलेलं परत येत नाही. काही खास बघायचं असेल तर बघून घेऊ द्या त्यांना, असं ते स्वतःहून म्हणाले. मी घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला. दादा म्हणाला, "दिसतंय की तिला. कालच माझ्या ताटातलं मीठ सपलेलं तिला दिसलं, बायकोला न्हाय दिसलं."

आणि ते खरंच होतं, मीठ तिला दिसलं होतं. ताट तिच्या नजरेच्या कडेला होतं. आई घरात कशाला अडखळत नव्हती, उंबरा बरोबर ओलांडायची, चहा कपात बरोबर ओतायची. लोक आले की आवाजावरून ओळखायची आणि कुणाला पत्ता लागू द्यायची नाही. त्यामुळे घरात सगळ्यांचं ठरून गेलं की मी उगीच बाऊ करते. ताई मास्तरीण आहे, तिला धडा शिकवल्याशिवाय चैन पडत नाही. हे धाकटा हसत म्हणायचा. मला तेव्हा त्याच्या डोक्यात वाटी घालावीशी वाटायची.

शेवटी दिवाळीनंतर, माझ्या शाळेच्या सुट्टीत, जायचं ठरलं. सतरा सीटर गाडी केली. मी बेत कागदावर न लिहिता तोंडपाठ करून घेतला होता आणि सगळ्यांकडून करून घेतला होता. शनिवारी पहाटे निघायचं, रात्री मुंबईत समाजाच्या धर्मशाळेत उतरायचं, रविवारी सकाळी म्युझियम उघडायच्या वेळेला दारात. संध्याकाळी समुद्र, आणि सोमवारी सावकाश परत. मंगळवारी दुकान उघडायचं होतं. आईनं खास दिवसांचं इरकल काढलं, त्याला इस्त्री करून घेतली आणि मला दोनदा विचारलं, म्युझियममध्ये चपला काढाय लागत्यात का.

निघालो ते उन्हं वर आल्यावर. कऱ्हाडात मुलगा बघितला, मुलाची आई पोहे केल्याशिवाय सोडेना. एक देव झाला. आत्याकडे पुण्यात फक्त चहा घ्यायचा होता, पण आत्यानं पुरणाचा घाट घातला होता, आणि पुरण घातलंय म्हटल्यावर आमच्यातलं कोण उठणार. जेवून सगळे आडवे झाले. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि दादा म्हणाला, आता रात्रीचं घाटातनं कशाला, पहाटे निघू. पहाटे आत्यानं आणखी एक देव काढला, तिथं रविवारची रांग होती. मी रांगेत उभी राहिले नाही. आईला घेऊन गाडीत बसून राहिले आणि ड्रायव्हरशी निष्कारण भांडले. घाटात वाहनं खोळंबली होती. मुंबईत पोचलो तेव्हा म्युझियम बंद व्हायची वेळ टळून गेली होती.

धर्मशाळेच्या व्हरांड्यात मी म्हटलं की संपलं, उद्या सोमवार आहे, उद्या बंद असतं. तेव्हा दादा जे म्हणाला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, सोमवारी आपली पेठ बंद असती. मुंबई न्हाय."

सगळे हसले. मीच मूर्ख, असं हसले. आणि मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं की हा चेष्टा करत नाही, ह्याला खरंच तसं वाटतं. त्याचा सगळा जन्म त्या सोमवारावर गेला आहे. आपलं दुकान बंद असतं म्हणून मालाच्या खरेदीला तो सोमवारीच बाहेर पडतो. पुण्याला गेला सोमवारी, मुंबईला गेला सोमवारी, आणि दर वेळी सगळं जग त्याला उघडं मिळालं. सोमवारी बंद असायचा मान त्याच्या लेखी फक्त कोल्हापूरचा. मी फोनवर ऐकलंय म्हटलं तर म्हणाला, दोन वर्षांमागं ऐकलंस, आणि सरकारी जागा सोमवारी बंद कशी असंल, कचेऱ्या तर सोमवारीच उघडत्यात. वहिनी म्हणाली, सकाळी जाऊन बघायला काय हरकत आहे. आईनं इरकलाची घडी उशाशी नीट ठेवली. ती त्या रात्री लवकर झोपली, सकाळी ताजंतवानं दिसायला पाहिजे म्हणून.

सोमवारी सकाळी आम्ही सगळे, नटूनथटून, म्युझियमच्या फाटकासमोर फुटपाथवर उभे होतो आणि फाटकाला कुलूप होतं. आईच्या कपाळाला इभूत होती, केसांत वहिनीनं अबोलीचा गजरा माळला होता. दादा पुढं झाला. आतल्या वॉचमनला म्हणाला, पावणं, कोल्हापुरासनं आलोय, म्हातारं माणूस हाय, पाच मिनिटं सोडा. तो वॉचमनही मराठीच होता. म्हणाला की दिल्लीहून आलात तरी सोमवारी बंदच आहे, उद्या या. दादानं अजून थोडी हुज्जत घातली, मग वळला आणि आमच्याकडे बघून म्हणाला की चला, एवढं आलोय तर समुद्र तरी बघू. दुपारी निघू. मंगळवारी दुकान उघडायचंय. पुढल्या खेपेला बघू की.

मी मुंबईच्या फुटपाथवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, माझ्या थोरल्या भावाला नाही नाही ते बोलले. पन्नाशी उलटलेली बाई आहे मी, शाळेत मुलांना हळू बोला म्हणून सांगते. मी म्हटलं की तुझ्या दुकानातल्या पितळी घागरीला तुझ्यापेक्षा जास्त ऐकू येतं. मी म्हटलं की दोन वर्षं तू तिचे डोळे फुकट घालवलेस, मॅचमध्ये घालवलेस, पुरणात घालवलेस. लोक थांबून बघत होते. नातवंडं आईसक्रीमच्या गाडीकडे सरकली. दादा लाल झाला, पण उलटून बोलला नाही, आणि त्यानं बोलायला हवं होतं, म्हणजे माझा राग तरी कुठं आपटला असता. आईनं फाटकाचा गज धरला होता. ती आत बघत होती, मान थोडी वाकडी करून.

मी म्हटलं, "तुम्ही जावा सगळे. आई आणि मी राहतोय."

दादा म्हणाला, मग आम्ही पण राहतो. म्हणाला, पण नजर घड्याळाकडे गेली, आणि गाडीवाल्याचा दिवस, आणि दुकान, हे सगळं त्याच्या तोंडावर दिसलं. मी म्हटलं, नको. आई म्हणाली, जा बाबा तू. वहिनी गाडीत चढली आणि आईच्या गोळ्यांची पिशवी आणि शाल घेऊन परत उतरली. माझ्या हातात देताना तिनं माझा हात दाबला. इतक्या वर्षांत आम्हा दोघींचं कधी फारसं जमलं नाही, पण त्या दिवशी मला तिचा राग आला नाही.

मंगळवारी आम्ही दोघीच गेलो. आई तेच इरकल नेसली. गजरा सुकला होता, तो तिनं काढू दिला नाही. चपला काढाव्या लागत नाहीत हे बघून तिला थोडं कसंसंच वाटलं. लिफ्टनं वर गेलो. दालन थंड होतं, माणूस नव्हतं, दाराशी खुर्चीवर एक गार्ड बसली होती. मला ते चित्र लांबूनच ओळखू आलं, तो डावा हात आणि ते लुगडं. आणि आता मध्ये कुणाचा तुरा नव्हता. मी आईच्या दंडाला धरून तिला सरळ त्याच्यासमोर नेलं.

ती बघत राहिली. मी बाजूला झाले, म्हटलं तिला एकटीला बघू दे. मग तिनं मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, कोंबडी दाणा बघते तशी. एक पाऊल मागं आली.

"लुगडं दिसतंय," ती म्हणाली. "काठ दिसतोय. हात हाय. तोंड कुठं हाय?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, आहे की, वर बघ. ती वर बघत होती. ती जिथं बघेल तिथलं जात होतं. चेहऱ्याकडे बघितलं की चेहरा जायचा आणि हात यायचा, हाताकडे बघितलं की कडेला चेहऱ्याचा धुरकट ठिपका यायचा. दुसराही डोळा गेला होता आणि कधी गेला ते तिनं आम्हाला कळू दिलं नव्हतं. डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं ते मी तिला सांगितलं, की शेजारच्या मोकळ्या भिंतीकडे बघ, म्हणजे चित्र कडेनं दिसेल. तिनं तसं केलं. आपल्या बहिणीला बघायला ती बहिणीकडे पाठ फिरवल्यासारखी भिंतीकडे बघत उभी राहिली. म्हणाली, आली. मग म्हणाली, गेली परत.

तेव्हा मला जो राग आला तसा आदल्या दिवशीही आला नव्हता. आदल्या दिवशीचा राग ओरडता येण्यासारखा होता. हा तसा नव्हता. दोन वर्षांपूर्वी ती इथं उभी राहिली असती तर तिला दिसलं असतं. तेव्हा भिंगातून तिला पेपरातला हात ओळखता येत होता. सगळं एवढंच होतं, एक दिवस, एक रेल्वेची गाडी, आणि आम्ही एका घरातली एवढी धडधाकट माणसं तो एक दिवस काढू शकलो नाही.

आईनं बाकावर बसून माझा हात धरला. म्हणाली, "तू सांग. कशी दिसतीया?"

मी चित्राकडे नीट बघितलं. मी ज्या बाईला कधी पाहिलं नाही ती समोर बसली होती, अठरा-वीस वर्षांची, सावळी, रुंद कपाळाची. मी कपाळापासून सांगायला लागले. भुवया जुळलेल्या आहेत म्हटलं, नाकात चमकी आहे, ओठ मिटलेले. आईनं विचारलं, हसतीया व्हय? मी खोटं बोलणार होते. हो म्हणणार होते. पण इतकं लांब येऊन खोटं काय सांगायचं.

"नाही," मी म्हटलं. "रागावलेली आहे. भयंकर रागावलेली दिसते."

आईनं श्वास सोडला. तिच्या तोंडावर जे आलं ते हसू होतं की काय ते मला सांगता येणार नाही. "मग अक्काच हाय," ती म्हणाली. "तिला बसायचंच नव्हतं. मला म्हणाली हुती, मास्तर बघत बसतो आनी कुणी इचारत न्हाय मला."

एवढ्यात माझा फोन वाजला. दादा होता. दुकानातून बोलत होता, मागं भांड्यांचा आवाज येत होता. त्यानं विचारलं, आईला दिसलं का गं? त्याचा आवाज बारीक झाला होता, काळजीनं विचारत होता. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. पहिला शब्द बाहेर पडायच्या आत आईनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. त्या वेळी तिला तो अचूक दिसला.

"दिसलं, बाबा," ती म्हणाली. "लई चांगलं दिसलं. समद्यांनी बघाय पायजे हुतं. तू जेवलास का?"

फोन तिनं माझ्याकडे परत दिला तेव्हा मी म्हटलं, हे काय केलंस. त्याला कळायला नको? आई म्हणाली, त्याला वाईट वाटंल. मी म्हटलं, वाटू दे की. मी हे बरंच मोठ्यानं म्हटलं असणार, कारण दाराशी बसलेली गार्ड उठून उभी राहिली. मी तिला हातानंच काही नाही म्हणून सांगितलं. भिंतीवरून मावशी माझ्याकडे बघत होती, आणि त्या घरातल्या माझ्या जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या बाजूनं कुणीतरी आहे.

आईला यातलं काही दिसलं नाही. तिनं पदर सारखा केला, माझ्या हातावर हात ठेवला आणि तोंड बरोबर चित्राच्या दिशेनं वळवलं.

"कपाळापासनं सांग परत," म्हणाली. "सावकाश सांग. मघा तू लई घाईनं सांगितलंस."

मी पुन्हा कपाळापासून सुरुवात केली.